रूट कॉज सापडल्याशिवाय रीस्टार्ट नाही

१ नोव्हेंबर, शनिवार
तेरा तारखेला अनिशचं लग्न. जर्मनीत, रजिस्टर. आम्हाला व्हिसा मिळाला नाही. फॉर्म मीच भरला होता, बिनचूक. वाचणाऱ्याला कळला नाही, त्याला मी काय करू? आता लग्न घरीच बघायचं, मोठ्या स्क्रीनवर, माझ्या लिनक्सवाल्या कॉम्प्युटरवर. मृदुला म्हणाली, मोबाइलवर बघू. पोटच्या पोराचं लग्न तळहाताएवढ्या पडद्यावर? मी असेपर्यंत तरी नाही. होणाऱ्या सुनेनं, सायलीनं, मला अजून पाहिलेलं नाही. कॅमेऱ्याचा ड्रायव्हर टाकायचा बाकी आहे.

२ नोव्हेंबर
केबलवाला नवनाथ मॉडेम बसवून गेला. स्वतःच्या लॅपटॉपवर नेट चालवून दाखवलं. माझं लिनक्स बघून बिचकला, चहा न घेता सटकला. वायर माझ्या कॉम्प्युटरला लावली. नेट नाही. किरकोळ आहे, जेवायच्या आत होईल.

३ नोव्हेंबर
झालं नाही. जेवण गार झालं म्हणून मृदुला बोलली.

५ नोव्हेंबर
अनिशचा फोन. त्याचं म्हणणं, मॉडेम नवनाथच्या लॅपटॉपलाच धरून बसलाय. प्लग काढा, पाच मिनिटांनी लावा. हसूच आलं. उभी हयात चाकणला मेंटेनन्समध्ये गेली माझी! मशीन ऑफ-ऑन करून मोकळं होणाऱ्यांना मेमो दिलेत मी. रूट कॉज सापडल्याशिवाय रीस्टार्ट नाही. तसं त्याला सुनावलं. त्यानं फोन ठेवला. पटलं असावं.

६ नोव्हेंबर, गुरुवार
गुरुवारी दिवसभर लाइट जाते. मॉडेम कालच इन्व्हर्टरवर घेतला होता. क्षणभरही बंद पडू दिलेला नाही. वर चिठ्ठी लावली: हात लावू नये.

९ नोव्हेंबर
लिनक्स पुन्हा नव्यानं टाकलं. त्यात अनिशचे लहानपणचे फोटो गेले. मृदुला रडली. बॅकअप घ्यायला तिला कोणी अडवलं होतं? फोरम वाचता वाचता दोघांच्या मोबाइलचा डेटा संपला. तिथेही जो तो मॉडेम बंद करायला सांगतो. अडाण्यांचा बाजार नुसता.

१२ नोव्हेंबर
कंपनीत आम्ही मूळ कारण शोधायला पाच वेळा 'का' विचारायचो. चौथ्या 'का'पर्यंत पोचलोय. उद्या सकाळी पाचवा, की नेट चालू. खालच्या कुसुमताई आणि दत्तोबांना आमंत्रण दिलं. खुर्च्या आणायला सांगितल्या.

१३ नोव्हेंबर, गुरुवार, दुपार
लाइट नाही. सगळं इन्व्हर्टरवर. लग्नाला अर्धा तास. मृदुला पैठणी नेसून आली. स्क्रीनकडे बघितलं, चिठ्ठीकडे बघितलं आणि सरळ प्लगला हात घातला. मी तिचा हात झटकला. बांगडी फुटली. फार लागलं नसावं. पाहुण्यांसमोर असलं वागणं शोभतं का? तिघं खाली गेली, खुर्च्या घेऊन.

थोड्या वेळानं
इन्व्हर्टरनं मान टाकली. सगळं बंद.

संध्याकाळ
लाइट आली. मॉडेम आपोआप सुरू झाला. नेट आलं! म्हणजे माझा चौथा 'का' बरोबर होता. मृदुलाला हाका मारल्या. वर आली नाही.

१४ नोव्हेंबर
अनिशनं व्हिडिओ कॉलचं रेकॉर्डिंग पाठवलं. मोठ्या स्क्रीनवर एकट्यानं बघितलं. सह्या झाल्यावर दोघं कॅमेऱ्यापुढे वाकली. एका कोपऱ्यात कुसुमताईंच्या मोबाइलवरून मृदुला दिसत होती, शेजारी दत्तोबा. त्यांनी अक्षता टाकल्या. सायली दत्तोबांना म्हणाली, बाबा, येते मी लवकरच. दत्तोबा गडबडले. अनिशनं तिची चूक सुधारली नाही. मृदुलानंही नाही.

तो भाग परत परत बघितला. चित्र कुठेही अडकत नाही.