भाड्याने न दिलेला सिनेमा

प्रिय राकेश,

‘प्रिय’ लिहायची हाताची सवय अजून गेलेली नाही, एवढंच समज.

मंगळवारी अण्णांना पोलिसांनी नेलं. सावंगीच्या दवाखान्यासमोरच्या आमच्या सिनेमाच्या डिस्कच्या दुकानातून, गिऱ्हाइकांच्या देखत. तुला माहीत असेलच, कारण तक्रारीखाली तुमच्या सिनेमा कंपनीतर्फे सही तुझी आहे. वकीलबाईंनी दाखवली तेव्हा मी ती दोनदा वाचली. आदल्या आठवड्यात एक जण पेशंटचा नातेवाईक म्हणून आला होता. वडील अ‍ॅडमिट आहेत, लॉजवर वेळ जात नाही म्हणाला. अण्णांनी त्याला तुमच्या कंपनीचे सिनेमे भाड्याने दिले, छोटा प्लेयर दिला, वर चहा पाजला. तोच माणूस पोलिसांना घेऊन परत आला.

ठाण्यात अण्णा एकच सांगत राहिले, “साहेब, इकत आणल्या हायेत मी. एकबी डिस्क नकली निघाली तर सांगा.” नकली एकही नव्हती. पण गुन्हा नकलेचा नव्हताच. वकीलबाईंनी समजावलं, डिस्क विकत घेतली म्हणजे सिनेमा आपला होत नाही. पैसे घेऊन तो भाड्याने द्यायचा हक्क ज्याचा सिनेमा त्याच्याकडेच राहतो. सायकल विकत घेऊन भाड्याने देता येते, खुर्च्या देता येतात, सिनेमा नाही. अण्णांनी मान हलवली. “मले ठाऊक नव्हतं. आता नाई देत,” म्हणाले आणि जामिनावर सुटताच जाऊन स्वतःच्या हाताने दुकानाचं शटर ओढलं. कायद्याशी माझं भांडण नाही, राकेश. तुझ्याशी आहे.

कॉलेजात असताना तू त्याच दुकानात पडून असायचास. एकेक सिनेमा पुन्हा पुन्हा न्यायचास. अण्णा तुझ्याकडून भाडं घेत नसत. “शिकून राह्यला तो, शिकू दे,” म्हणायचे. तेव्हा कुठे होता तुझा कायदा? आपल्या दोघांचं जे व्हायचं ते होऊन गेलं, त्याबद्दल मी कधी चकार शब्द काढला नाही. पण अण्णांना एक फोन करता आला नसता? ‘अण्णा, हे बंद करा’ एवढंच म्हणायचं होतं. त्यांनी त्याच दिवशी बंद केलं असतं. त्याऐवजी तुम्ही खोटा नातेवाईक पाठवलात! मी फोन केला तर म्हणालास, “लीगल टीम बघते, मॅडम.” मॅडम! समोर कोणी बसलं होतं का रे?

पण हे पत्र भांडायला लिहिलेलं नाही. पोलिसांनी नेलेल्या डिस्कांमध्ये तुझा पहिला सिनेमाही गेला, आपल्या अल्लीपुरात काढलेला. ती डिस्क भाड्याची नव्हती. अण्णांच्या टेबलाच्या खणात असायची, कोणी मागितली तरी द्यायचे नाहीत. त्यात आई आहे. तुरीच्या शेंगा सोलता सोलता तुझ्या हिरोवर रागावते, “काऊन रे, जेवल्याबिगर चालला?” ते वाक्य तू तिला शिकवलं नव्हतंस, ती तुलाच तसं म्हणायची. ती गेल्यापासून दुपारी दुकान रिकामं झालं की अण्णा तेवढंच लावून बसायचे. आमच्याकडे तिचे फोटो आहेत, आवाज दुसरीकडे कुठेच नाही. तो सिनेमा बाजारात मिळत नाही, मी सगळीकडे विचारलं. केस मागे घेऊ नकोस, अण्णा चूक कबूल करणार आहेत. फक्त एक डिस्क पाठव, आणि कोर्टाच्या तारखेआधी पाठव. सही तुझी आहे हे मी त्यांना सांगितलेलं नाही. “राकेशले मालूम नसन, नाईतर त्यानं थांबवलं असतं,” असं ते भेटेल त्याला सांगून राह्यलेत. तारखेला त्यांना ते कळेल, आणि मग तुझ्या हातून आलेली कुठलीही वस्तू ते घरात घेणार नाहीत, आईचा आवाजसुद्धा.

तुझी आता कोणीच नसलेली,
अंकिता