जीक्यू-वन-बी नावाची दारू

नेइआफू, वावाऊ बेट
मंगळवार

आदरणीय लेसिएलीताईस,

तुझ्या गुडघ्यांना आराम पडो आणि ऑकलंडच्या थंडीला थोडी लाज वाटो. इकडे सगळे बरे आहेत. मीही आता उभा राहिलो की उभाच राहतो. तू मागच्या पत्रात हे विचारलं नव्हतंस (त्यात मला 'घराण्याला लागलेला डाग' म्हणण्यातच पान संपलं होतं), तरी कळवतो.

झालं असं, की मावसभावाच्या मेजवानीत मी कोंबडी खाल्ली. ती आतून गुलाबी होती, पण त्याला वाईट वाटू नये म्हणून दोनदा वाढून घेतली. चार दिवस पोट बिघडलं, मग सुधारलं. त्यानंतरच्या रविवारी प्रवचनाला उभा राहिलो (विषय दारूच; बावीस वर्षांत दुसरा सुचलेला नाही), तर समोर पाद्रीबाबा दोन. माझी मेलिआमेही दोन, आणि दोघींच्या कपाळाला आठ्या. एकीलाच मी किती घाबरतो ते तुला ठाऊक आहे. खाली उतरायला गेलो तर पायऱ्याही दुप्पट. त्यातली नसलेली नेमकी निवडली आणि गाणाऱ्या बायकांच्या मांडीवर जाऊन पडलो. गाणं थांबलं नाही, एवढं त्यांचं कौतुक.

पापण्या झुकलेल्या, चाल खेकड्याची. मेलिआमेने घरी आणून माझ्या तोंडाचा वास घेतला, काही आला नाही, तर म्हणाली, "महागातली दिसते." सोमवारपर्यंत साऱ्या धक्क्यावर बातमी होती, बुधवारी तुझ्याकडे पोचली.

अशात फिलिपे आला. तोच, ज्याचं नाव मी बावीस वर्षं प्रवचनात उदाहरण म्हणून घेतोय. मला वाटलं, मजा बघायला आलाय. तो चटईवर बसून सकाळपासून दुपारपर्यंत नुसता माझ्याकडे बघत राहिला. मग बायकोला म्हणाला, "वहिनी, हा प्यालेला नाही. मी चाळीस वर्षं पितोय, माझ्याइतकं कुणाला कळणार? सकाळची दुपारपर्यंत थोडीतरी उतरते. याची तसूभर नाही. आणि मी हात इकडून तिकडे नेतोय, तर याचे डोळे जागचे हलत नाहीत." मला पाठुंगळी घेऊन त्यानेच इस्पितळात नेलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी गुडघ्यावर हातोडी मारली. पायाने दखल घेतली नाही. बाई म्हणाल्या, कोंबडीतल्या जंतूंशी लढायला शरीराने सैनिक तयार केले, त्यांना अँटीबॉडी म्हणतात. त्यांना तुमच्याच डोळ्यांच्या नसा शत्रूसारख्या वाटल्या. मिलर फिशर नावाचा हा आजार दहा लाखांत एखाद्याला होतो, आणि ते सैनिक रक्तात सापडले की निदान पक्कं. रक्त विमानाने परदेशी गेलं. बहुतेक लोक बरे होतात, असं त्या म्हणाल्या, पण माझ्या श्वासावर नजर ठेवून होत्या. ताई, त्या आठवड्यात मी घाबरलो. मरणाचं एवढं नाही, पण 'सेमिसी पिऊन मेला' असं तू सगळ्यांना सांगशील, याचं फार वाटलं. फिलिपे रोज उशाशी बसायचा. एकदाही माझ्या प्रवचनांचा विषय काढला नाही. काढला असता तर बरं वाटलं असतं.

तीन आठवड्यांनी अहवाल आला. पाद्रीबाबांनी मोठ्या प्रेमाने भर चर्चमध्ये जाहीर केलं, "बंधू सेमिसींच्या रक्तात जीक्यू-वन-बी सापडलं आहे." मागून तोकिलुपे म्हातारी म्हणाली, "मी म्हणतच होते, काहीतरी प्यालाय." शेवटी डॉक्टरीणबाईंनी उठून, हे त्या सैनिकांचं नाव आहे, दारूचं नाही, असं अर्धा तास समजावलं. आता लोक पश्चात्तापाने सुरण आणून देतात. डोळे हलू लागलेत, मेलिआमेही एकच दिसते. अहवालाची प्रत सोबत आहे. वाचून डाग परत घ्यावास.

तुझा (कागदोपत्री शुद्धीवर असलेला) धाकटा भाऊ,
सेमिसी

ता.क. पत्र खरं तर यासाठी. फिलिपेला नातू झालाय, तो बघायला तो तुमच्याकडे ऑकलंडला येतोय. पण लेक त्याला दारात उभं करत नाही. (ती लहानपणी माझ्या प्रवचनांना पहिल्या बाकावर बसायची. सगळं मनावर घेतलंन.) त्याला पंधरा दिवस तुझ्याकडे ठेव आणि तिला बाळासकट जेवायला बोलाव. तुझा शब्द ती मोडणार नाही.

आणखी ता.क. फ्रिजचा खालचा कप्पा त्याच्यासाठी रिकामा ठेव. त्याला कोमट चालत नाही.