खरपुडीची कुंडी

मी, कुसाबाई यादव मंडलिक, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा फुलशेती, राहणार मखमलाबाद, नाशिक, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र करते. कोणाचे दडपण नाही. दडपण आणणारे होते ते माझ्याआधीच गेले.

१. मळ्यातील माझा हिस्सा व राहते घर मुलगा ओम यास. त्याने विकले तरी हरकत नाही. हरकत घ्यायला मी कुठे असणार?

२. माझी सोन्याची पोत सून छाया हिला. ती भांडकुदळ आहे, पण शेवंती तोडायला रोज माझ्याआधी उठली, हे मी विसरलेली नाही.

३. खरपुडीची कुंडी. हरसूलच्या वाटेवरच्या उघड्या कातळावरून माझ्या मालकांनी हिचे दोन कंद आणले होते. पावसाळ्यात वीतभर रोप येते, त्याला कंदिलासारखे फूल. उन्हाळ्यात सगळे वाळते, मातीत कंद तेवढा राहतो. दोन कुंड्या शेजारी होत्या तोवर शेंगा धरायच्या. बी मालक पुन्हा त्याच कातळावर नेऊन उडवायचे. मग भावाभावांत वाटणी झाली. विळे, पाट्या निम्म्या झाल्या, तशी पंचांनी एक कुंडी आम्हाला, एक माझे दीर शेखर यांना दिली. फार न्यायाने दिली. जोड तुटली, तेव्हापासून शेंग नाही.

दिरांनी वाळलेल्या कुंडीला उन्हाळाभर पाणी घातले. कंद कुजला. माळ्याच्या हाताला कोरडी माती सोसवत नाही. मी त्यांच्याशी बोलणे टाकले. तो कातळही पुढे खडीसाठी फोडला. मालक गेल्यावर मी या एका कुंडीकडे बघून दिवस काढले.

यंदा आषाढ सरला, कोंब नाही. परवा भाऊजी इतक्या वर्षांनी आले, कुंडीपाशी बसले.

"वैनी, यात जीव हाय का अजून?"

"ठाऊक नाय. उकरून बघितलं तर असला तरी जाईल."

ही कुंडी मी शेखर भाऊजींना देते. माझ्या घरचे मी गेल्यावर दया येऊन पाणी घालतील. ज्याच्या हातून एक कंद गेला, त्याचाच हात आता आवरेल. उकरू नये. मला आशा नाही, तरी पुढचा श्रावण बघावा. तेव्हाही कोंब नसेल, तर माती कुठेही टाकावी. परत न्यायला तो कातळ राहिलेला नाही.

सही: कुसाबाई यादव मंडलिक
आमच्यासमक्ष सही केली: बहिरू काकड, रंगूबाई पिंगळे
मखमलाबाद, नाशिक. २८ जुलै २०२५