मधुनाशिनी, माझी जीभ आणि जॅमची झाकणं

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (मनातल्या मनात वाकलो आहे. खरोखर वाकलं की डोळ्यांपुढे काळे धागे नाचतात, त्याबद्दल पुढे येईलच.) तुझी तब्येत कशी आहे? ‘ठणठणीत’ असं लिहू नकोस, अंगात ताप असला तरी तू ठणठणीतच असतेस. भावोजींचा गुडघा आणि तुमची लिफ्ट, दोन्हींपैकी काय चालू झालं? फोन न करता पत्र लिहितो आहे, कारण फोनवर तू मला ‘हं’च्या पुढे जाऊच देत नाहीस. आणि ताई, मी घाबरलो आहे. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर नेहमीची टकळी समजून तू पत्र अर्ध्यावर ठेवशील.

तू पाठवलेला मधुनाशिनीचा डबा मिळाला. सोबत तुझा हुकूमही मिळाला, की तू ही पावडर दोन्ही वेळा घेतेस, आता साखर खाल्ली तरी गोड लागत नाही, म्हणजे डायबेटिस मुळापासून गेला, म्हणून डॉक्टरांच्या गोळ्या बंद केल्यास, मीही कराव्यात. तू सांगितलंस आणि मी ऐकलं नाही, असं कधी झालंय का? तसं आमच्या घरात आधीच कारल्याच्या गोळ्या, मेथीच्या कॅप्सूल, दालचिनीचा अर्क आणि शेजारच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी दिलेलं एक चूर्ण (कशाचं ते त्यांनाही माहीत नाही) असा सगळा गोतावळा होता. तुझी भावजय म्हणते, एवढं गिळल्यावर जेवायला जागाच उरत नाही, तोच काय तो गुण. तर तुझी पावडर जिभेवर घोळवली, चूळ भरली आणि चमचाभर साखर तोंडात टाकली. वाळू! अगदी दाताखाली कचकच.

आता माझी नोकरी तुला ठाऊक आहे. जॅमच्या कारखान्यात चाखणारा माणूस मी, जिभेला कळलं ते खरं यावरच आजवर पगार घेतला. जिभेलाच साखर लागली नाही तर रक्ताला कुठून लागणार, असा साधा हिशेब मी केला. गोळ्या बंद केल्या. एवढ्यावर थांबलो असतो तरी ठीक होतं, पण मी पावडर घेऊन गोड खायला लागलो. कारखान्यात कुणाचा निरोप समारंभ होता, तिथे पथ्य पाळत असल्यासारखा गंभीर चेहरा करून केक खाल्ला, परत मागून खाल्ला. चव काहीच नाही. (फुकट गेलेल्या त्या केकचं दुःख वेगळंच.)

मग एका सकाळी स्ट्रॉबेरीचा घाणा मला अगोड लागला. मी म्हटलं, साखर घाला. घातली. पुन्हा चाखलं, पुन्हा अगोड. पुन्हा घाला. शेवटी कढईत पळी आपली आपण उभी राहिली आणि मॅनेजरांचे दोन्ही जबडे एकमेकांना चिकटले. ते सुटल्यावर त्यांनी मला काय काय ऐकवलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. तेव्हापासून मला झाकणं तपासायला बसवलं आहे.

इथवर तू हसली असशील. मीही हसत होतो. पण झाकणं तपासताना मला प्रत्येक झाकणावर एक केस दिसायला लागला. मी एकेक झाकण बाजूला काढत गेलो आणि बघता बघता ढीग लागला. पॅकिंगच्या बाईंनी त्यातली चार उचलून पाहिली आणि हळूच म्हणाल्या, “काका, झाकणं स्वच्छ आहेत. केस तुमच्या डोळ्यात असेल.” मी डोळे चोळले, पांढऱ्या भिंतीकडे पाहिलं, तर केस भिंतीवर. ताई, मी झाकणं तशीच टाकून दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, डोळे तपासायला पाठवलं. डोळ्याच्या आत रक्त उतरलं आहे, लेझर करावं लागेल. मी पावडरीचं सांगितलं तर त्या ओरडल्यासुद्धा नाहीत, त्याचीच मला जास्त भीती वाटली. म्हणाल्या, पावडरीने फक्त तुमची जीभ बधिर झाली, तीही तासाभरापुरती. साखर होती तिथेच आहे, उलट वाढली. डब्यावर ‘पूरक’ लिहिलंय ना, मग ते गोळीच्या जागी कसं घेतलंत? जोडीला घ्यायचं तरी आधी मला विचारायचं. मी मान डोलावत होतो, पण ऐकत नव्हतो. मला त्या काळ्या धाग्यांमागे तू दिसत होतीस, हातात चमचा घेऊन, खूश.

भावोजींना नमस्कार. पोरांना आशीर्वाद.

तुझा धाकटा
(सध्या मुक्काम झाकणखातं)

ता.क. तुझा डबा फेकून दिला, राग मानू नकोस.

पुन्हा ता.क. फेकला नाही. कपाटात आहे. तू दिलेलं माझ्याच्याने फेकवत नाही, तू येऊन फेक.

आणखी एक. लेझर गुरुवारी आहे. मला एकट्याला भीती वाटते आणि तुझी भावजय माझ्याहून भित्री, म्हणून तू बुधवारीच ये. पत्र मिळेल त्याच दिवशी तुझ्या डॉक्टरांना फोन कर (नंबर हरवला असेल तर औषधवाल्याकडून घे) आणि बंद केलेल्या गोळ्यांचं काय करायचं ते विचार. इथल्या डॉक्टरीणबाईंकडे मी दोन नंबर लावले आहेत, दुसरा तुझ्या नावाने. ओरडायचं ते इथे येऊन ओरड.

आणि शेवटचं. नवी पाटी, खिडकीतली जागा, गरम पाण्याची पहिली बादली, सगळं आधी तुला आणि मग मला. मी कधी कुरकुर केली नाही. पण ताई, आता माझ्या आधी जाऊ नकोस.