पहिला फोटो कोणाचा

४ जून
आजपासून रोज लिहायचं. गावात कॅमेरा, नवा रायपुरात डोळ्यांची स्पेशालिस्ट, मधे मी. डोळ्याच्या पडद्याचा फोटो गावातून येईल, ममता मॅडम इथं बसून पाहतील. खेड्यातले लोक आजार अंगावर काढतात, ती सवय मोडायची. माझी साखर उद्यापासून बंद.

५ जून
ऑफिसचा प्रोजेक्टर धूसर. टेक्निशियन म्हणतो ठीक आहे. दुसरा बोलावला, तोही तसाच निघाला. कामात लक्षच नाही कोणाचं. चहा फिका घेतला. सोबत पेढा होता, तो धरत नाही.

९ जून
एवढा रुंद रस्ता, तरी डिव्हायडर मधातच. स्कूटीचा आरसा गेला. दीक्षा म्हणे, "पापा, पहले अपनी आँख दिखाओ." पोट्टीले मराठी येते, पण बापाले सुनवायचं असलं की हिंदी. मी डोळ्याच्याच प्रोजेक्टमध्ये आहो. मले समजत नाही का?

१२ जून
गावात कॅम्प. मशीनवर हनुवटी ठेवायले कोणीच तयार नाही. रांगेत पहिला हिरालाल नावाचा म्हातारा. म्हणाला, "पहिली तुमन बइठव साहेब." बसलो. लखकन उजेड पडला, दुखलं काहीच नाही. मग सगळे बसले. यालेच लीडरशिप म्हणतात. सिस्टरनं माझ्या फोटोवर नाव टाकलं नाही. साहेबाले पेशंट कसं लिहायचं?

१३ जून
मॅडमचा फोन. पहिला फोटो फार खराब, शुगरनं पडद्यावर रक्त उतरलं आहे. याच आठवड्यात आणा, नाहीतर नजर जाईल. त्यावर नाव नाही म्हणे. पहिला म्हणजे हिरालालच, रांगेत तोच होता. नावं टाकायची शिस्तच नाही या लोकायले.

१६ जून
हिरालाल यायले तयार नाही. म्हणतो, मले चांगलं दिसते. पुरावा म्हणून समोरच्या पिंपळावरचा पोपट दाखवला. मले पिंपळ दिसला. पोपट असेलही. अडाणीपणा किती असावा माणसात! चिडून दोन जिलेब्या खाल्ल्या.

२४ जून
शेवटी गोल बाजारातून नातीले फ्रॉक घेऊन देतो म्हणून हिरालालले गाडीत घालून आणला. मॅडमनं तपासलं. थोडा मोतीबिंदू, घाई काहीच नाही. मग त्यांनी तो फोटो परत उघडला अन् विचारलं, याच्या आधी मशीनवर कोण बसलं होतं? मी आठवून राहिलो होतो. हिरालालनं माझ्याकडे बोट केलं.

२६ जून
मी सांगून राहिलो, दीक्षा लिहून राहिली. मराठीत. डोळ्यात इंजेक्शन झालं, पट्टी आहे. डावा वाचेल. उजव्याचं मॅडम बोलल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "रत्नाकरजी, मागच्याच आठवड्यात काहून नाही आले?"
म्हटलं, पेशंट ऐकत नव्हता.
हिरालाल जाताना माझा हात धरून पलंगापर्यंत सोडून गेला. फ्रॉक घ्यायचा राहिलाच.
मले लय भीती वाटून राहिली. हे लिहू नको, दीक्षा.