नऊ कढयांचा पुलाव

गुरुवार, १७ ऑक्टोबर. मार्गिलान, संध्याकाळ.

ठरलं. उद्याच्या गाडीने ताश्कंद. मी आणि सून सानोबर. दोन रात्री, तीन जेवणं, तिन्ही बाहेर. शनिवारी दुपारी नऊ कढयांच्या त्या मोठ्या खानावळीत पुलाव. रात्री नोरिन, म्हणजे घोड्याचं मांस घातलेल्या शेवया. रविवारी सकाळी बाजारातले गरम सामसे, म्हणजे भट्टीत भाजलेले मांसाचे समोसे. तीनच्या गाडीने परत.

खरा मुद्दा पुलावाचा. सेहेचाळीस वर्षं मी पुलाव केला. नवऱ्याला, दिरांना, पोरांना, पोरांच्या दोस्तांना. मला खुर्चीवर बसवून 'काय आणू?' असं आजवर कुणी विचारलं नाही. जेवले आणि ताट तिथेच टाकून उठले, असंही कधी झालं नाही. एकदा व्हायला हवं. डोळे मिटायच्या आत एकदा.

शिवाय ताश्कंदवाले पुलावात मनुका घालतात म्हणून मी तीस वर्षं त्यांना नावं ठेवतेय. तो पुलाव खाल्ला मात्र नाही कधी. हे बरं नव्हे. मी न्यायी बाई आहे.

नियम एकच. कुणा नातेवाइकाच्या घरी जायचं नाही. एकदा बसलं की उठू देत नाहीत. सानोबरने फोनवरून हॉटेलात खोली घेतली आहे.

चुलत जाऊ झुमराद ताश्कंदात असते. तिला वाईट वाटू नये म्हणून मीच फोन केला. म्हटलं, आम्ही येतोय, पण तुझ्याकडे येत नाही. गाडी पाच दहाला पोचते, स्टेशनवर येऊ नकोस.

सानोबर म्हणाली, "आई, गाडीची वेळ कशाला सांगितलीत?"

म्हटलं, कधी यायचं नाही हे तिला कळायला नको?

बारा नान बांधून घेतले. जायचं कुणाकडेच नाही, पण हात रिकामे बरे दिसत नाहीत.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर. ताश्कंद, संध्याकाळी साडेसात.

झुमरादच्या घरातून.

स्टेशनवर ती, तिचा नवरा आणि गाडी, तिघं उभे. झुमराद म्हणाली, "चला घरी." मी नाही म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणाली, तेव्हाही नाही म्हटलं. दोनदा नाही ही रीत आहे, त्याला नकार कुणी म्हणत नाही. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "ताई, हॉटेलात राहून माझं नाक कापणार का?" आता तिसऱ्यांदाही नाही म्हटलं तर सरळ भांडणच. म्हणून गाडीत बसले. यात मी वाकले असं नाही. रीत पाळली.

नानांकडे बघून झुमराद म्हणाली, "येणार नव्हतात ना? मग हे काय हॉटेलवाल्याला?"

काही हरकत नाही. झोपण्यापुरतं इथे. उद्या सकाळी दोन घास, चहा, आणि दहाला बाहेर. या घरात सगळ्यांत मोठी मीच. जेवणाच्या शेवटी सगळ्यांत मोठ्या माणसाने हात वर करून दुआ म्हटली की सगळ्यांनी उठायचं. म्हणजे दोरी माझ्या हातात. दहाच्या ठोक्याला हात वर करीन.

शनिवार, १९ ऑक्टोबर. सकाळी साडेनऊ.

जेवणाचा दस्तरखान जमिनीवर पसरला आहे. साय, अंडी, हलवा, बेदाणे, तीन प्रकारचे मुरांबे, माझेच नान. मी वरच्या बाजूला, मोठेपणाच्या जागेवर बसले होते. तेवढ्यात आतून दोघांनी धरून झुमरादच्या सासूला आणलं. खालबिबी. वय एक्क्याण्णव. मला वाटलं होतं त्या धाकट्या मुलाकडे असतात. कालपासून इथेच आहेत, आतल्या खोलीत झोपून. मी एक जागा खाली सरकले.

दोरी गेली.

सकाळी पावणेअकरा.

खालबिबींना बसल्या बसल्या झोप लागली आहे. त्या दुआ करेपर्यंत कुणी उठायचं नाही. सानोबर वही गुडघ्यावर ठेवून लिहिते आहे, मी रुमालाआडून सांगते आहे. झुमरादला वाटतंय, ती मुरांब्याची कृती उतरवून घेतेय.

नऊ कढयांचा पुलाव एकपर्यंत संपतो. उशीर झाला तर नुसत्या पालथ्या कढया बघून यायचं.

साडेअकरा.

खालबिबींनी हात वर केले! आम्ही सगळ्यांनी केले. त्यांनी डोक्यावरचा रुमाल सरळ केला आणि हात खाली घेतले. आम्हीही घेतले. त्या मला म्हणाल्या, "इनोयत, तू काही खात नाहीस," आणि पुन्हा झोपल्या.

मी नान खाल्ला. त्यांचा मान म्हणून.

दुपारी एक वीस.

दुआ झाली. अर्धा तास चालली. घराण्यातल्या प्रत्येक मेलेल्या माणसाचं नाव घेतलं. दोन जिवंत माणसांचंही घेतलं, पण कुणी टोकलं नाही.

दुपारच्या पुलावाचं गेलं. उद्या रविवार आहेच. नाही तरी पहिल्या दिवशी जाण्यात अर्थ नसतो, माणूस प्रवासाने दमलेला असतो. रात्री नोरिन नक्की.

संध्याकाळी सात.

नोरिन नाही.

झुमरादने शेजारणींना बोलावलं. सगळ्यांना सांगितलं, "आमच्या मार्गिलानच्या ताई आल्यात, त्यांच्या हातचा पुलाव म्हणजे काय सांगू!" मला म्हणाली, तुम्ही बसा, मीच करते, तुम्ही फक्त सांगा. मी फक्त सांगत होते. मग तिने गाजरं किसणीवर किसायला घेतली. हे बघवत नाही कुणाला. गाजरं सुरीनेच चिरायची असतात. सुरी घेतली. मग कांदा. मग तेल तिने फार लवकर खाली उतरवलं. शेवटी कढईजवळ मी आणि पाटावर झुमराद, आणि सांगत होती ती.

चौदा माणसं जेवली. वाहवा झाली. मनुका कुणी मागितल्या नाहीत. मग मी ताटं विसळली. झुमराद तीनदा म्हणाली, राहू द्या, पण बसून राहणं आपल्याला जमत नाही.

उद्या काहीही होवो.

रविवार, २० ऑक्टोबर. सकाळी पावणेअकरा.

सामसे नाहीत. खालबिबी आज लवकर उठल्या, पण लवकर झोपल्याही. दुआ आत्ता झाली.

आता शेवटची संधी. झुमरादला सांगितलं, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन येते. ती म्हणाली, "रविवारी?" म्हटलं, मोठ्या शहरातला डॉक्टर आहे. म्हणाली, "मग मी येते सोबत." दोनदा नको म्हटलं. तिसऱ्यांदा तिने विचारायच्या आत मी चपला घातल्या.

तरी सोडेना. म्हणाली, "ताई, तुम्ही जा, पण सानोबर इथे राहील. म्हणजे तुम्ही परत याल." सुनेला गहाण ठेवून चालले आहे. बिचारी गहाणातही वही घेऊन बसली आहे. सानोबर, 'बिचारी' खोडू नकोस.

खाऊन येईन. पोटभर. ताट तिथेच टाकून.

रविवार, दुपारी साडेचार. परतीच्या गाडीत.

गेले. पोचले बारा वीसला. सगळं जसं ऐकलं होतं तसंच. नऊ कढया, एकेकीत लहान मूल पोहेल एवढी जागा. पिवळी गाजरं, वर मनुका. वाफेने डोळे भरून आले. वाफेनेच.

लांब टेबलाच्या टोकाला बसले. खांद्यावर फडकं टाकलेला एक जाडा गृहस्थ आला. जरा वाकला आणि म्हणाला, "बोला आजी, काय आणू?"

अगदी असंच म्हणाला.

मी म्हटलं, "काही नको बाबा. नुसता चहा."

तोंडातून गेलं ते. पहिल्यांदा विचारल्यावर दुसरं काय म्हणतात? तो चहा घेऊन आला. म्हणाला, "पुलाव नाही घेत?" मी म्हटलं, "नको नको, कशाला त्रास तुला." आणि नीट सरसावून बसले, कारण आता तिसरी वेळ.

तो गेला.

समोर एक ट्रकवाला जेवत होता. म्हणाला, "घ्या आजी, माझ्यातले दोन घास." म्हटलं, आत्ताच जेवून आले. मी त्या जाड्याकडे बघत राहिले. त्याने तेरा टेबलांवर पुलाव दिला. माझ्याकडे बघून हसला सुद्धा. एक वाजता कढयांचा तळ खरवडल्याचा आवाज आला आणि एकेक पालथी घातली.

चूक त्याची. ताश्कंदच्या माणसाला दोनच्या पुढे मोजता येत नाही.

तो चहाची किटली उचलायला आला. म्हणाला, "आजी, नुसत्या चहाचे पैसे घेत नाही. दुआ करा." मी हात वर केले. अख्ख्या टेबलाने केले. अर्धं जेवलेल्यांनीही केले. म्हणजे तिथे सगळ्यांत मोठी मीच होते, हे लिहून ठेव.

पेला मात्र तिथेच टाकून आले. धुतला नाही.

झुमरादने निघताना विचारलं, डॉक्टर काय म्हणाला? म्हटलं, दूरचं दिसतं, जवळचं दिसत नाही.

वाटेसाठी तिने डबा दिला आहे. कालचा पुलाव. माझ्याच हातचा. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नाही. खालबिबींच्या मानासाठी आजही खाल्लेला अर्धा नान धरायचा नाही. सानोबरने आत्ताच डबा उघडला आणि विचारलं, "आई, वाढू?" मी नको म्हटलं. तिने झाकण लावलं.

लिहिलंस? झाकण लावलं, हेही लिहिलंस?

मग आता विचार. दुसऱ्यांदा मी नाहीच म्हणणार. तू थांबू नकोस.