मोटार कुणाच्या हातची

माकणी, ता. लोहारा
दि. १२ ऑगस्ट २०२५

कुलदीप भावजी यांस राजेश्वरी वहिनीचे आशीर्वाद.

इकडं मी आणि निकिता खुशाल आहोत. पोरीची आयटीआयची परीक्षा झाली. माझ्या भावानं दोन शेळ्या घेतल्यात. तिकडं वाशीत सासूबाईंच्या गुडघ्याचं कसं काय? त्यांना माझा नमस्कार सांगा, घेणार असतील तर.

मी फोन उचलत न्हाय म्हणून तुम्ही पत्र धाडलं. बरं केलंत. सहा वर्षांत पहिल्यांदा मला 'वहिनी' म्हणालात. गरज लई गोड बोलायला लावते!

व्हय, धाराशिवच्या सुनावणीत ती सूचना मीच दिली. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेनं भरणाऱ्यांना लायसन लावायचा कायदा येतोय, त्याचा मसुदा तपासायला समिती बसलीय, हे निकितानं पेपरात वाचून दाखवलं. तुम्ही दहा दुकानदार घेऊन गेलात आणि म्हणालात, वीस वर्षांचं दुकान असेल त्याला परीक्षा न घेता लायसन द्या. मागच्या खुर्चीवरून मी उठले. म्हणलं, साहेब, शाळेचा दाखला कुणाला मागू नका, मी स्वतः सातवी पास. पण हातच्या काकणाला आरसा कशाला? प्रत्येकानं तुमच्यासमोर एक मोटार भरून दाखवावी. तुमचं तोंड तेव्हा बघण्यासारखं झालं होतं. समितीनं ते अहवालात घेतलं. मला त्या दिवशी पोटभर जेवण गेलं.

कारण दुकानाच्या पाटीवर नाव तुमचं, आणि मोटारी भरल्या मी, आतल्या खोलीत बसून. तांब्याची तार माझ्या बोटांना कापायची. गिऱ्हाईक आलं की तुम्ही दार लोटून घ्यायचात.

तुम्ही जन्मात एकच मोटार भरली. मी पंचमीला माहेरी आले होते तेव्हा. खाचेत तारेखालचा कागद धड बसवला न्हाय, वार्निश वाळू दिलं न्हाय. करंट बॉडीत उतरला आणि तुमचे थोरले भाऊ विहिरीवर जागच्या जागी गेले. तेराव्याला भावकीत तुम्ही सांगितलंत, "वहिनीनंच भरली होती." दोन महिन्यांत मला घराबाहेर काढलंत. माझ्या हातानं माझा नवरा मेला, असं अजून लोक म्हणतात.

आता जे कुणाला बोलले न्हाय ते लिहिते. निकितालाही ठाऊक न्हाय. त्या दुपारी मी माहेराहून परतले, तेव्हा मोटार दारात होती. बोट लावलं तर वार्निश चिकटलं. मी गप्प बसले. आदल्या आठवड्यात तुम्ही मला गिऱ्हाइकापुढं 'येडी' म्हणाला होतात. म्हणलं, जळून येऊ दे परत, होऊ दे याची फजिती. मोटार बसवायला तुम्ही जाणार होतात. मी चुलीपाशी गेले तेवढ्यात तुमचे भाऊच ती उचलून विहिरीवर गेले. भावजी, मला रोज ते बोट दिसतं. पण म्हणून तुमचं पाप माझं होत न्हाय.

तुम्ही लिहिता, सूचना मागं घ्या, न्हायतर महिनाभर येऊन गुपचूप शिकवा, कुणाला कळू देऊ नका. सूचना मागं घेणार न्हाय. शिकवीन. पण आतल्या खोलीत न्हाय. वाशीच्या बाजारादिवशी, दुकानापुढं, रस्त्यावर. मी खुर्चीवर, तुम्ही खाली. भावकीला तुम्हीच बोलवायचं. आणि तारेला हात लावायच्या आधी, ती मोटार कुणी भरली होती ते मोठ्यानं सांगायचं. तुम्ही सांगितलंत की लगेच मी माझं सांगेन, निकितासमोर. माझी तयारी झालीय.

हे जमत नसेल तर परीक्षेला या आणि सगळ्या तालुक्यादेखत नापास व्हा. मी बघायला येणार आहे, पुढच्या खुर्चीवर.

तुम्ही जिला विधवा केलंत ती,
तुमच्या थोरल्या भावाची बायको,
राजेश्वरी